वरच्या थरातला जबडा

कल्पना करा हं, तुमच्या करंगळीच्या नखावर एक जबडा ठेवलाय. अख्खा जबडा, दाढांसकट! उंदराचा आहे, आणि तो उंदीर मेल्याला हजारो वर्षं झालीत.

टिकलीची मावशी असले जबडे गोळा करायची. उत्खननातली माती बारीक चाळणीत धुवायची आणि उरलेल्या गाळातून चिमट्याने हाडं वेचायची. सुट्टीत टिकलीही वेचू लागली. टेबलावर दोन डबे असत, एक खालच्या, जुन्या थराचा आणि दुसरा वरच्या, नंतरच्या थराचा.

त्या दिवशी मावशी भलतीच खुशीत होती. "खाली सगळे दलदलीतले उंदीर, वर नुसते कोरड्या माळावरचे. म्हणजे इथली दलदल एकदम आटली! वर दलदलीतला एक जरी सापडला असता ना, तर हळूहळू आटली म्हणावं लागलं असतं. उद्याच अहवाल पाठवते."

टिकलीने चिमटा खाली ठेवला. कारण सापडला होता! कालच वरच्या डब्यात दलदलीतल्या उंदरांसारख्या नागमोडी दाढांचा एक जबडा तिला दिसला होता. परक्यांत एकटाच पडलाय बिचारा, म्हणून तिनेच तो उचलून खालच्या डब्यात, त्याच्या भाऊबंदांत नेऊन ठेवला होता.

हे सांगितलं, तर मावशी पुन्हा चिमट्याला हात लावू देईल?

"मावशी, मी एक जबडा हलवला. वरच्या डब्यातून खालच्यात."

मावशीचा चष्मा नाकावर घसरला. "अगं बये! आटवलेली दलदल परत भरलीस की!" ती मटकन खुर्चीत बसली. मग चष्मा वर सारून म्हणाली, "कोणता तो? दाखव."

डब्यात तेवीस जबडे, सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. टिकलीने भिंगाखाली एकेक पाहिला. कुठल्याही एकावर बोट ठेवलं असतं, तरी मावशीने मान्य केलं असतं.

"ओळखू येत नाहीये गं."

"नक्की?"

"नक्की."

मावशीने अहवाल पुढे ओढला आणि 'एकदम' या शब्दावर काट मारली. "एवढं कळलं, तेही पुष्कळ आहे. पण डब्याचं काय करायचं?"

टिकलीने डब्यावरची चिठ्ठी सोडवली, पेन्सिलीला टोक केलं आणि मावशीच्या अक्षराखाली लिहिलं, 'यातला एक जबडा वरच्या थरातला आहे. कोणता ते माहीत नाही. मी हलवला.' खाली तारीख घातली, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि गाळाची पुढची पिशवी उघडण्याआधी तिच्यावरचा थराचा आकडा मोठ्याने वाचला.