आरशात पाठ केलेला तक्ता

"चष्मा ही मानवजातीची सपशेल हार आहे," मास्तर म्हणाले. "ज्या दिवशी पहिल्या माणसानं नाकावर काच चढवली, त्या दिवशी माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडाला. माझी साठी कधीच उलटली. पण या नजरेनं मला एकदाही दगा दिलेला नाही."

एवढं बोलून ते गिऱ्हाइकाला निरोप द्यायला ऐटीत उठले, आणि त्यांच्याबरोबर गिऱ्हाइकाची विजारही उठली. विजारीची तळपट्टी शिवता शिवता मास्तरांनी स्वतःच्या सदऱ्याची बाही तिच्यात पक्की शिवून टाकली होती. टाके मजबूत होते, हे मात्र गिऱ्हाइकानंही मान्य केलं.

पडद्याआडून मास्तरांची बायको आली आणि तिनं शांतपणे ब्लेडनं टाके उसवले. "रंग जुळतो का ते पाहत होते," तिनं गिऱ्हाइकाला सांगितलं. गिऱ्हाइकानंही समजूतदारपणे मान डोलावली. मास्तर छताकडे बघत राहिले. छत त्यांना स्वच्छ दिसत होतं. तिथल्या कोळ्याचे पायसुद्धा मोजता आले असते. घोटाळा होता तो हाताशी असलेल्या वस्तूंचा. सुईचं नाक, टेपवरचे आकडे, कापडावरची खडूची रेघ, यांनी गेली दोन-तीन वर्षं मास्तरांशी बोलणंच टाकलं होतं.

मास्तर म्हणजे शिवणकामाचे मास्तर. बस जिथून वळून परत जाते, त्याच्याही पुढे असलेल्या त्या वस्तीत त्यांचं एकुलतं एक शिवणाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश त्यांच्याकडेच येत. पण बसथांब्यापाशी अलीकडे तयार कपड्यांचं दुकान निघालं होतं, आणि मास्तरांच्या डोळ्यांची बातमी फुटली तर यंदाचे गणवेश तिकडे जाणार हे उघड होतं. गणवेश गेले की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की दिवसभर घरात बसून बायकोला स्वयंपाक शिकवत बसायचं. याची धास्ती मास्तरांपेक्षा त्यांच्या बायकोलाच जास्त होती. त्यामुळे रोज सकाळी ती सुया टोचायची उशी आत घेऊन जाई आणि थोड्या वेळानं सगळ्या सुया ओवून आणून देई. पांढरा, काळा, खाकी, निळा, सगळे दोरे तयार. ती हे कसं जमवते, ते मास्तरांनी कधी विचारलं नाही. तिनंही कधी सांगितलं नाही. संसार असेच टिकतात.

अशात वस्तीत डोळे तपासणारी गाडी येणार असल्याची खबर आली. डोळ्यांचं सगळ्यात जवळचं रुग्णालय इतकं लांब होतं की तिथं पोचायला तीन बस बदलाव्या लागत, आणि त्या तिन्ही बसच्या पाट्या वाचता येणाऱ्याला रुग्णालयाची गरज नसे. म्हणून आता रुग्णालयच निघालं होतं. गाडीच्या लोकांनी जाहिरात म्हणून अक्षरांचा एक तक्ता, खाली तारीख छापून, आठवडाभर आधी सलूनमध्ये लावून घेतला. चार माणसं जमतात ती जागा तीच.

इथवर सगळं सरळ होतं. पण वस्तीला पाणी आणणाऱ्या टँकरवाल्यानं एक शंका काढली. "हे बघा, फुकट कोण कशाला तपासेल? नापास झालो की लायसन काढून घेणार!"

झालं! वस्तीला तपासणी म्हणजे परीक्षा हे एकदा पटलं, आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका आधीच फुटून सलूनच्या भिंतीवर टांगलेली आहे हेही लक्षात आलं. सगळे अभ्यासाला लागले. ज्यांना महिनोन् महिने केस कापायची आठवण होत नसे, ते एक दिवसाआड खुर्चीत येऊन बसू लागले. मास्तर तर रोजच जात. दाढी बिचारी वाढणार तरी कधी?

"मास्तर, आता गालावर काही उरलं नाही," सलूनवाला म्हणायचा. "कातडी सोलू का?"

"तू वस्तरा फिरव रे. मला बघू दे."

"काय बघताय?"

"आरशात माझंच तोंड बघतोय, तुझ्या का पोटात दुखतंय?"

तपासणीच्या दिवशी शाळेच्या मोठ्या वर्गात बाकं भिंतीला लावली होती. पहिला दिवस पुरुषांचा, दुसरा बायकांचा. डोळे तपासायला एक तरुण बाई आल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, हातात पट्टी, आणि अशा अनेक वस्त्या पालथ्या घातल्यानं आलेला सोशिकपणा. एका गावात तर डोळे उत्तम आहेत असं सांगितल्यावर लोक त्यांच्याशी भांडले होते. रांगेत उभं राहून रिकाम्या हातानं परत जायचं म्हणजे काय! तेव्हा आपण सगळं पाहिलंय, असं त्यांना वाटत होतं.

पहिला टँकरवाला बसला. बाईंनी एक डोळा झाकायला सांगितला आणि पट्टी ओळीवर ठेवली. टँकरवाल्यानं ओळ खडाखडा म्हटली. एकही अक्षर चुकलं नाही, फक्त सुरुवात उजवीकडून केली. बाईंना वाटलं, गंमत करतोय. दुसऱ्यानं तेच केलं. तिसऱ्यानंही. पाचव्या माणसानंतर बाई बाहेर गेल्या आणि त्यांनी रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

"सर, इथे सगळे लोक उजवीकडून डावीकडे वाचतात."

"तू तक्ता उलटा टांगला असशील," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बाईंनी आत येऊन तक्ता खरोखरच तपासला. सरळ होता. त्यांनी तो काढला आणि पेटीतून दुसराच, वेगळ्या अक्षरांचा तक्ता टांगला. तेवढ्यात मास्तर खुर्चीत येऊन बसले.

"काका, डावा डोळा झाका. ही ओळ वाचा बरं."

मास्तरांना समोर स्पष्ट 'क' दिसत होता. त्याच्या शेजारी 'ब' दिसत होता. पण आयत्या वेळी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी मास्तर नव्हते. अभ्यास तो अभ्यास. त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि म्हटलं, "घ, ट, न, व, ल!"

या ओळीत 'घ' नव्हताच.

"काका," बाईंनी हळूच विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"माझ्याकडे!" रांगेतून सलूनवाला अभिमानानं ओरडला. "सगळे माझ्याच दुकानात तयार झालेत. तुमचा तक्ता मागच्या भिंतीला लावलाय ना! खुर्चीत बसलं की आरशात समोर येतो. मान हलवायची सोय नाही, वाचण्यावाचून करतील काय?"

बाईंनी एकदा सलूनवाल्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि मग त्या बाकावर बसून इतक्या हसल्या की त्यांना स्वतःचेच डोळे पुसायला लागले. "अहो, ही परीक्षा नाही!" त्या म्हणाल्या. "कुणाचं लायसन जाणार नाही. ज्याला दिसत नाही त्याला चष्मा द्यायला आलेय मी. तुम्ही पाठांतर करून पास झालात तर मी पेटी भरून आणलेले चष्मे परत घेऊन जाऊ का?"

रांगेतून "अरेच्चा" असा एक सामुदायिक उद्गार निघाला. टँकरवाला गुपचूप पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

"आता दिसतं तेच सांगा, काका."

मास्तरांनी दिसतं ते सांगितलं. ओळीमागून ओळ, पार तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. रांगेत कौतुकाची कुजबुज झाली. मास्तरांची छाती फुगली. आणि मग बाईंनी त्यांच्या हातात एक छोटं कार्ड दिलं.

मास्तरांनी कार्ड नाकाजवळ आणलं. लांब नेलं. उजेडाकडे धरलं. "छपाई फार वाईट आहे," त्यांनी निकाल दिला.

"काका, लांबचं तुम्हाला छान दिसतं. जवळचं दिसत नाही. वयानं होतं, सगळ्यांचं होतं. जवळचा चष्मा देते, काम संपलं."

"हळू बोला हो," मास्तर कळवळून कुजबुजले. "सगळी वस्ती मागे उभी आहे. शिवणारा माणूस मी! यांना कळलं तर दुकानाला कुलूप."

"काय मास्तर," मागून सलूनवाला खेकसला, "पास की नापास?"

उठून जावं असं मास्तरांना वाटलं. गेले असते तर गणवेशाच्या कापडावर आणखी एक वर्ष अंदाजपंचे कात्री चालली असती. बाईंनी वाट पाहिली नाही. त्यांनी पेटीतून एक चष्मा काढून सरळ मास्तरांच्या नाकावर बसवला.

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांच्या सदऱ्याची बटणपट्टी त्यांच्याकडे पाहत होती. ती त्यांनीच शिवली होती. "कुणा गाढवाचं काम हे?" ते पुटपुटले आणि त्यांना उत्तर कळलं. मग त्यांनी कॉलरमागे खोचलेली सुई काढली, खिशातला दोरा काढला आणि एका फटक्यात ओवला. ओवलेला उपसला, पुन्हा ओवला. तिसऱ्यांदा तर उगाचच.

"सुटलो!" सलूनवाल्यानं दोन्ही हात वर केले. "वहिनी रोज सकाळी ती उशी घेऊन मागच्या दारानं माझ्याकडे यायच्या. दुकान उघडायच्या आधी मला सुया ओवत बसावं लागायचं."

मास्तरांनी मान वर केली. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"मला? अहो, सगळ्यांना!"

"माझ्या कोटाचे दोन्ही खिसे शिवून बंद केले होते तुम्ही," टँकरवाला रांगेच्या टोकाकडून म्हणाला. "बायकोनं घरी उसवले."

"मग माझ्याकडे येत कशाला होतात रे?"

"दुसरीकडे कुठे जायचं?" टँकरवाला म्हणाला. "तुमच्याकडे बसायला मिळतं." शाळेचे मुख्याध्यापकही रांगेतच होते. त्यांनी घसा साफ केला आणि गणवेशाचं कापड सोमवारी पाठवतो म्हणाले. मग स्वतःचा डोळा झाकून खुर्चीत बसले.

मास्तर घरी आले ते चष्म्यासकट. दारातल्या दोरीवर बायको कपडे वाळत घालत होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, उशीचं बिंग फुटलं हे ओळखलं आणि हातातला टॉवेल जास्तच जोरात झटकला.

"अगं, ऐक," मास्तर चष्मा सावरत म्हणाले. "चष्मा हा मानवजातीचा सगळ्यात मोठा विजय आहे! ज्या दिवशी पहिल्या माणसानं नाकावर काच चढवली ना, त्या दिवशी त्यानं काळाला हरवलं. उद्यापासून वस्तीतलं एकेक बटण मी नव्यानं लावणार. एकेक खिसा उघडणार. लोकांनी मला सांभाळून घेतलंय, आणि तू तर..."

"झालं का बोलून?" बायकोनं विचारलं.

"झालं."

"मग तो जरा काढा आणि इकडे द्या. माझा नंबर उद्या आहे, आणि बोटात सकाळपासून कुसळ घुसलंय."