रुमेनाच्या डाव्या कानात

मित्रांनो, मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. चेरीच्या बीपेक्षा थोडा मोठा, भुरक्या रंगाचा, कानामागे गुपचूप बसणारा. माझ्या पोटात नखाएवढी बॅटरी मावते आणि अंगातून एक बारीक नळी निघून कानात उतरते. एवढासा मी, पण मला घेण्यासाठी एका बाईने आपल्या मरणासाठी जपलेले पैसे मोजले होते. तीच गोष्ट तुम्हाला सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी चिमट्याने माझी तार न् तार जोडली. मी एकटा नव्हतो, माझा जुळा भाऊ शेजारी होता. मी डाव्या कानाचा, तो उजव्या. तिथे आम्हाला एकच धडा शिकवला गेला: माणसाचं बोलणं पुढे आणायचं, आणि जे एकसारखं, न थांबता वाजत राहतं ते मागे सारायचं. पंख्याची घरघर, मोटारीचा घुमारा, पाण्याची धार, सगळं मागे. आम्ही धडा चांगला गिरवला. मग आम्हाला डबीत निजवून बल्गेरियातल्या एका डोंगराळ मुलखातल्या शहरात पाठवलं. तिथे नेवेना नावाच्या मुलीचं श्रवणयंत्रांचं दुकान होतं. तिच्या खणात आम्ही कानाची वाट बघत पडून राहिलो.

त्याच वेळी, बसने तासाभरावर असलेल्या एका गावात, दोन म्हाताऱ्या गाणं सोडून बसल्या होत्या. हे मला पुढे त्यांच्याच तोंडून कळलं.

एक रुमेना, दुसरी लातिन्का. परकरी पोरी होत्या तेव्हापासून दोघी जोडीने गायच्या. कमरेच्या पट्ट्यात एकमेकींची बोटं अडकवायची, डोकी जवळ आणायची, आणि गायचं. लातिन्का डावीकडे, रुमेना उजवीकडे, कायम. लातिन्का गाणं उचलायची, वळवायची, डोंगरावर न्यायची. रुमेना खाली एकच सूर ओढत राहायची, शेताच्या बांधासारखा. त्या मुलखात हे दोन सूर एकमेकांच्या इतके जवळ ठेवतात की ते घासतात, आणि घासले की हवेत घंटा वाजल्यासारखं होतं. ती घंटा वाजली तरच गाणं झालं, असं तिथल्या बाया मानतात.

एका उन्हाळ्यात, गावच्या सणाला, चौकात सगळ्यांसमोर रुमेनाचा सूर घसरला. घंटा वाजलीच नाही. रुमेना म्हणाली, "घसा बसलाय." पुढच्या सणालाही घसा बसलेलाच. मग तिने गाणं सोडलं. बाया लातिन्काला म्हणाल्या, दुसरी कुणी घे जोडीला. लातिन्का फणकारली, "मी काय वाटेल तिच्या पट्ट्यात बोटं घालू?" आणि तीही गप्प झाली. दोघींचं गाणं असं एकाच दिवशी थांबलं.

शरद आला. अंगणाअंगणात लाल मिरच्या भाजायची धांदल सुरू झाली. रुमेना विस्तवापाशी पाठमोरी बसली होती. लातिन्का कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "रुमेना, तुझ्या डोक्यावरच्या फडक्याला आग लागलीये."

रुमेना मिरच्या उलटत राहिली.

"अगं, पेटलीस तू! सगळी पेटलीस!"

रुमेनाने शांतपणे एक मिरची सोलली.

लातिन्का कुंपण ओलांडून आली, तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडली, "घसा बसलाय म्हणे! बये, तुझे कान बसलेत! आणि मी दोन वर्षं तुला मध पाठवतेय घशासाठी!"

रुमेना आधी चिडली, मग हसली, आणि मग फडक्यात तोंड लपवून रडली. म्हणाली, "मला वाटलं, तुला कळलं तर तू दुसरी जोडीण करशील."

आता मित्रांनो, त्या गावातल्या प्रत्येक म्हातारीच्या पेटीत एक गाठोडं असतं. त्यात नवा रुमाल, नवी पोलकी, कोरे मोजे, मेणबत्त्या, आणि एका फडक्यात गाठ मारून ठेवलेले पैसे. सगळं स्वतःच्या मरणासाठी. आपल्यामुळे कुणाला खर्च नको, कुणी ऐनवेळी धावाधाव नको, म्हणून. दर वसंतात त्या ते गाठोडं उन्हात घालतात आणि लग्नाच्या रुखवतासारखं एकमेकींना दाखवतात. रुमेनाने त्या संध्याकाळी तेच गाठोडं उघडलं आणि पैशांचं फडकं बाहेर काढलं.

"हे?" लातिन्काने कपाळाला हात लावला. "मग तुला पुरायचं कशात?"

"उभीच पुरा. जागाही कमी लागेल."

"उभी पुरली तर तू चालत घरी येशील. ओळखते मी तुला."

रुमेनाचा मुलगा क्रुम स्पेनमध्ये फळबागांत राबत होता. तो फोनवर ओरडून म्हणाला, "आई, सरकारच्या मदतीत मिळतं ते साधं यंत्र घे. बोलणं ऐकू आलं म्हणजे झालं."

"बोलणं जन्मभर ऐकलंय रे," रुमेना म्हणाली. "गावात त्याच त्याच गोष्टी बोलतात. मला गाणं ऐकायचंय."

आणि एका सकाळी त्या दोघी नेवेनाच्या दुकानात आल्या.

नेवेनाने रुमेनाचे कान तपासले आणि आधी ते साधं यंत्र लावून दिलं. लातिन्का म्हणाली, "निवडायचं कसं, ते मी सांगते. मी गाते, तू ओढ." आणि भर दुकानात तिने बोटं रुमेनाच्या पट्ट्यात अडकवली.

उन्हं कलली गं डोंगराआड,
विळा माझा थांबेना,
कुणी हाक दे गं बांधावरून,
पाय घरी वळेना

लातिन्काचा आवाज वर चढला आणि साध्या यंत्रात तो जुन्या कापडासारखा टरटरा फाटला. रुमेनाने मान हलवली. नको.

मग नेवेनाने दुकानातलं सगळ्यात महागडं, सगळ्यात हुशार यंत्र काढलं. लातिन्काचा आवाज आता स्वच्छ आला, झऱ्यासारखा. रुमेनाचा चेहरा उजळला. तिने आपला सूर लावला, आणि दुसऱ्याच क्षणी तिचा हात गळ्याकडे गेला. ती थांबली.

"आवाज गेला माझा," ती घाबरून म्हणाली. "लातिन्का, खरंच घसा बसला गं!"

"कुठे गेला? म्हशीसारखी हंबरतेयस चांगली!"

नेवेनाने दोघींना पुन्हा गायला लावलं आणि समोरच्या पडद्यावर बघत राहिली. मग ती हळूच म्हणाली, "आजी, तुमचा आवाज आहे तिथेच आहे. तुम्ही एकच सूर इतका वेळ धरता ना, तो या यंत्राला फ्रिजची घरघर वाटते. ते बिचारं तुमच्या भल्यासाठी तो बंद करतंय."

लातिन्का पोट धरून हसली. "पन्नास वर्षं मलाही तसंच वाटतंय!"

"याची हुशारी पुरती बंद होत नाही," नेवेना म्हणाली. "थांबा. एक जोडी आहे माझ्याकडे."

खण उघडला. उजेड आत आला. असे आम्ही जगात आलो, मित्रांनो.

नेवेनाने आम्हाला तारेने संगणकाला जोडलं आणि कारखान्यात गिरवलेला धडा आमच्या मनातून पुसायला घेतला. म्हणजे सगळा नाही. आत दोन कप्पे केले, एक बोलण्याचा, एक गाण्याचा. गाण्याच्या कप्प्यात तिने सांगितलं: काही मागे सारू नकोस, काही पुढे आणू नकोस, येईल ते येऊ दे. मग तिने मला रुमेनाच्या डाव्या कानात बसवलं. पलीकडच्या औषधाच्या दुकानातली माणसं दारात येऊन उभी राहिली होती.

त्या गायल्या. लातिन्काचा सूर माझ्यावर वाऱ्यासारखा आदळला. खालून रुमेनाचा सूर आला, खरबरीत, सरळ, न हलणारा. दोन्ही माझ्या एवढ्याशा अंगात शेजारी शेजारी उभे राहिले आणि घासले.

नेवेना शहरातली, पियानो शिकलेली. ती काळजीने म्हणाली, "आजी, सूर जुळत नाहीयेत. पुन्हा लावून बघू का?"

"खबरदार, हात लावशील तर!" लातिन्का म्हणाली. "जुळले तर गाणं संपलं, मग आम्ही घरी जाऊ."

 रुमेनाचे डोळे वाहत होते. घंटा वाजत होती.

मग पैशांचं फडकं बाहेर आलं. त्याची गाठ इतक्या वर्षांची होती की सुटेना. नेवेनाने कात्री पुढे केली, पण रुमेना फडकं कापू देईना. शेवटी लातिन्काने दातांनी गाठ सोडवली. आतल्या नोटांना कापराचा वास येत होता. "आजी, हप्त्याहप्त्याने द्या ना," नेवेना कळवळून म्हणाली. "हप्ते संपेपर्यंत मी कुठली राहते," रुमेना म्हणाली. "घे पोरी, सगळे घे." आणि रिकामं फडकं तिने घडी करून परत छातीशी ठेवलं.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. पहिले काही दिवस रुमेना सगळ्यावर वैतागायची. "चूल एवढी बडबडते? मांजर एवढं घोरतं?" मोसंबी रंगाच्या संधिप्रकाशात पारव्यांचा घुमारा ऐकून ती एकदा अंगणातच बसून राहिली. रोज संध्याकाळी मऊ कुंचल्याने ती मला पुसायची, बॅटरीचं दार उघडं ठेवायची, आणि भावाशेजारी डबीत झोपवायची. एकदा मात्र बर्फाने रस्ता बंद झाला, बॅटऱ्या संपल्या, आणि आम्ही कित्येक दिवस तसेच मुके पडून होतो. त्या दिवसांत लातिन्का रोज येऊन तिच्या डाव्या कानात ओरडून गावच्या बातम्या सांगायची.

आणि सणाचा दिवस! चौकात दोघी उभ्या राहिल्या, पट्ट्यात बोटं, डोक्याला डोकं. रुमेनाने माझी कळ दाबून मला गाण्याच्या कप्प्यात नेलं. गाणं संपलं तेव्हा चौक उसळला. बाया म्हणाल्या, रुमेनाचा घसा सुटला. लातिन्का म्हणाली, "हो, माझा मध लागू पडला." मला कुणी पाहिलंही नाही. पण इतकं कौतुक मला त्याआधी मिळालं नव्हतं, त्यानंतरही नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात रुमेना झोपेतच गेली.

पेटी उघडली, तर गाठोड्यात पैसे नव्हते, फक्त ते रिकामं फडकं. क्रुम स्पेनहून निघाला होता, पण पोचायचा होता.  मग जमलेल्या बायांतली एक घरी गेली आणि आपल्या गाठोड्यातल्या मेणबत्त्या घेऊन आली. दुसरीने आपल्यासाठी ठेवलेले मोजे आणले. तिसरीने तिथल्या रिवाजाप्रमाणे मृतासाठी उकडलेल्या गव्हाचं ताट मांडलं. लातिन्काने आपल्या फडक्याची गाठ सोडली आणि शवपेटीचे पैसे दिले. असं सगळ्यांच्या मरणातलं थोडं थोडं घेऊन रुमेनाला निरोप दिला गेला.

झाकण लावायच्या आधी लातिन्काने माझ्या भावाच्या पोटात कोरी बॅटरी घातली आणि त्याला रुमेनाच्या उजव्या कानात बसवलं. "चाळीस दिवस ती घराभोवती घुटमळणार," ती म्हणाली. "तोवर तरी आमचं ऐकू दे." बॅटरी आठवडाभरच टिकते हे मला ठाऊक होतं. पण मी कुठे बोलतो?

"आणि हा डावा?" कुणीतरी विचारलं.

"डावीकडे मी उभी असायचे," लातिन्का म्हणाली. "तो माझा."

तिने मला बटणांच्या डब्यात ठेवलं, आणि तिथे मी विसरला गेलो. अंगावर धूळ बसली, नळी कडक झाली. अंधारात मी भावाची आठवण काढत पडून राहिलो. मग एके दिवशी डबा उघडला. लातिन्काचा हात म्हातारा झाला होता. ती मला घेऊन नेवेनाकडे गेली. आता लातिन्काचेही कान बसले होते.

नेवेनाने तिच्या कानाच्या मापाची, नळीच्या टोकाला बसणारी नवी खुंटी केली, नळी बदलली. म्हणाली, "आजी, आतलं जुनं सगळं पुसून तुमच्या कानासाठी नव्याने लावते."

"नको," लातिन्का म्हणाली. "तिला ऐकू यायचं तसंच राहू दे."

गावाबाहेर, जर्दाळूच्या झाडाखाली, रुमेना झोपली आहे. लातिन्का तिथे उभी राहिली, शेजारच्या हवेत बोटं अडकवल्यासारखा हात धरला आणि गाणं उचललं. खालचा सूर नव्हता. पण तिचा स्वतःचा आवाज माझ्यातून तिच्याकडे गेला, जसा इतकी वर्षं रुमेनाकडे जात होता. ती मध्येच थांबली.

"अगं बाई," ती थडग्याला म्हणाली, "मी इतकी किंचाळायचे? अगदी तुझ्या कानात? आणि तू एकदाही बोलली नाहीस!"

बराच वेळ ती हसत होती, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. मग तिने गाणं पुन्हा उचललं, या वेळी जरा हळू.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा नाही. माझी कळ घट्ट झाली आहे, आवाजात खरखर आली आहे. तुमच्याकडे माझ्यासारखं एखादं यंत्र डब्यात पडलं असेल, तर त्याला पुसा, त्याच्या पोटात कोरी बॅटरी घाला. ज्याचं ते आहे त्याला नुसतं ऐकू येतं का, एवढंच विचारू नका. काय ऐकायचंय, तेही विचारा. आणि घरातलं कुणी गाता गाता अचानक गप्प झालं, घसा बसलाय म्हणालं, तर मध द्याच, पण त्याच्या डावीकडे जाऊन उभे राहा आणि त्याचं आवडतं गाणं जरा जवळून म्हणा.