तेज दिसलं, आवाज कुठे गेला?

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्या खिडक्यांचे जाड पडदे ओढलेले, आत संधिप्रकाश. दारावर स्वयंसेवक येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल काढून घेत होते. मंचावर तेजोबाबा बसले होते. गळ्यात काळ्या काचमण्यांची रुंद पट्टी आणि चेहऱ्यावर सगळं जग आपल्या मालकीचं असल्याचा भाव. समोर एक हवालदार उभा होता. त्याच्या छातीवरच्या कॅमेऱ्याला जे दिसत होतं, ते मागच्या मोठ्या पडद्यावर आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"यंत्र माणसाला पाहतं," बाबा म्हणाले. "तेजाला पाहील? पाहू दे बापडं! आमची काही हरकत नाही!"

त्यांनी डोळे मिटले, हात छातीवर ठेवला. पडद्यावरचा त्यांचा चेहरा उजळला, विरघळला, आणि पाहता पाहता सगळा पडदा पांढराफटक झाला. आमच्या डोळ्यांना मात्र बाबा तसेच दिसत होते, धडधाकट आणि गुबगुबीत. सभागृह दणाणलं. माझ्या शेजारची बाई हमसून हमसून रडायला लागली. खरं सांगते, क्षणभर मीही चमकले.

पण मी तिथे चमत्कार पाहायला गेले नव्हते. मी डॉक्टर आहे. माझ्या वॉर्डात एक कुलपं-किल्ल्या दुरुस्त करणारा माणूस हाताला प्लास्टर घालून पडला होता आणि त्याच्या खाटेशी पोलिसांचा पहारा होता. त्याच्या आईने बाबांच्या सांगण्यावरून मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या होत्या आणि ती याच सभागृहात मुक्कामाला होती. तिला घरी न्यायला तो आला, तेव्हा बाबांच्या माणसांनी पोलीस बोलावले. फौजदार आणि हाच हवालदार त्याला मागच्या खोलीत घेऊन गेले. बाहेर आला तो हात मोडूनच. वर गुन्हाही त्याच्यावरच, पोलिसांवर हात उचलल्याचा. फौजदार म्हणाले, जिन्यावरून पडला. एक्स-रे वेगळं सांगत होता. मनगट आणि कोपर यांच्या मध्ये हाड तुटलं होतं. अंगावर काठी येताना माणूस हात आडवा धरतो, तेव्हा तुटतं तसं.

दोघांच्या छातीवर कॅमेरे होते. खोलीच्या दारापर्यंत सगळं रेकॉर्ड झालं होतं, पुढे काहीच नाही.

"तेजोबाबा आत आले होते ना," फौजदार चौकशीत म्हणाले. "त्यांच्यापुढे कॅमेरा चालत नाही. मी काय करू? कोणालाही विचारा."

चौकशीला आलेल्या अधिकारी बाई विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण कारण सापडलं नाही तर 'यंत्रातला बिघाड' असं लिहून प्रकरण मिटवावं लागणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून आज त्या पहिल्या रांगेत बसून प्रत्यक्ष पाहत होत्या. त्यांचा मोबाईल काढून घ्यायची मात्र कोणाची छाती झाली नव्हती.

टाळ्या ओसरल्या तशी किल्लीवाल्याची बहीण उभी राहिली. ती शाळेत विज्ञान शिकवते. आवाज कापत होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा लावलेला होता.

"बाबा, पडदे उघडून हेच करून दाखवाल?"

"बाळ, दिव्याची ज्योत उन्हात दिसते का? तेजाला अंधार लागतो!"

"ज्योत दिसायला अंधार लागेल. इथे तर आंधळा होतोय तो कॅमेरा. त्याला अंधार कशाला हवा?"

कोणीतरी ओरडलं, "बाहेर काढा तिला!" दोन स्वयंसेवक तिच्याकडे निघाले. एकाने तिचा दंड धरला. मागून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मला कळलं, आता बोलण्यात वेळ गेला तर तिला मार बसेल. मी खिडकीलगतच बसले होते. उठले आणि दोन्ही हातांनी खिडकीचा पडदा खस्सकन बाजूला ओढला.

ऊन आत आलं. मागच्या पडद्यावरचा पांढरेपणा थरथरला, आणि त्यातून बाबा हळूहळू वर आले. आधी नाक, मग मिशा, मग भांबावलेले डोळे.

दंड धरलेला हात आपोआप सैल पडला.

शिक्षिकेने टेबलावरचा प्रोजेक्टरचा रिमोट उचलला आणि अधिकारी बाईंपुढे धरला. "मॅडम, तुमच्या मोबाईलचा सेल्फीचा कॅमेरा यावर धरा. मी बटण दाबते. नुसत्या डोळ्यांना काही दिसतंय?"

"नाही."

"आणि मोबाईलमध्ये?"

"जांभळा ठिपका. लुकलुकतोय."

"हा प्रकाशच आहे. माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. उजेड असला की पोलिसांचा कॅमेरा हा प्रकाश गाळून टाकतो. अंधार झाला की ती गाळणी बाजूला होते, म्हणून त्याला रात्रीचं दिसतं. अशा वेळी त्याच्यासमोर असले पन्नासभर बारके दिवे लावले तर त्याचे डोळे दिपणार नाहीत तर काय होणार? आता मोबाईल बाबांच्या गळ्याकडे धरा."

बाई मंचावर चढल्या. बाबा मागे सरकले. "स्पर्श करू नका! भस्म व्हाल!"

"होऊ द्या," बाई म्हणाल्या आणि मोबाईल पुढे केला. त्यांच्या हातातल्या त्या छोट्या पडद्यावर काचेचा मणी न् मणी जांभळा पेटलेला होता. पट्टीतून निघालेली वायर बाबांच्या बगलेतून खिशातल्या बॅटरीपर्यंत गेली होती.

सभागृहात हलकल्लोळ माजला. त्या गोंधळात मी भिंतीशी उभ्या असलेल्या फौजदारांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव दिसत होता. ते पुढे झाले. "मॅडम, मग आम्हीही फसलोच की! याच दिव्यांनी आमचे कॅमेरे आंधळे केले."

खरंच की. भोंदू सापडला, पण त्याच्या आडोशाला हे दोघे सुटणार होते.

शिक्षिका मात्र हवालदाराकडे वळली. "आताचं रेकॉर्डिंग लावा. पडदा पांढरा झाल्यापासून."

त्याने लावलं. पडद्यावर नुसता पांढरा उजेड. आणि त्या उजेडातून टाळ्या, माझ्या शेजारच्या बाईचं रडणं, "दिव्याची ज्योत उन्हात दिसते का?" सगळं लख्ख ऐकू आलं.

"दिव्याने डोळा दिपतो," ती म्हणाली. "कान बंद होत नाही. माझ्या भावाच्या वेळी तर चित्रही नाही आणि आवाजही नाही. तो आवाज कोणी बंद केला?"

फौजदार म्हणाले, "आपोआप..."

"दोन्ही कॅमेरे? एकाच दारात?" अधिकारी बाईंनी हवालदारासमोर हात पुढे केला. "हा बंद कसा होतो, करून दाखवा."

हवालदाराने बटणावर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. तो बराच वेळ तसाच धरावा लागला. कॅमेरा थरथरला, दोनदा वाजला, मग विझला. चुकून असं होणं शक्य नव्हतं, हे सांगायची गरजच उरली नाही. हवालदार मान खाली घालून पुटपुटला, "साहेबांनी सांगितलं, म्हणून मीही बंद केला."

फौजदार निलंबित झाले, खटला अजून चालू आहे. किल्लीवाल्यावरचा गुन्हा मागे घेतला गेला. हात जुळला, पण बारीक किल्ली कानशीने घासताना बोटं अजून आखडतात. त्याची आई गोळ्या घेते. मात्र आम्ही मुद्दाम उजेड पाडला म्हणूनच तेज गेलं, असं ती मला मध्येच ऐकवते. मी वाद घालत नाही, रक्त तपासते.

यंत्रं बिघडतात, हे मला मान्य आहे. माझ्याकडचीही बिघडतात. पण बिघाडाला कारण असतं, आणि ते शोधता येतं. ज्याच्या हातात काठी आहे त्याच्याच छातीवर साक्षीदारही असेल, तर तो साक्षीदार मुका का झाला, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. दैवी शक्ती म्हणा नाहीतर तांत्रिक अडचण म्हणा, नुसत्या शब्दाने समाधान मानू नका. बटण कुठे होतं, ते कोणाच्या हाताखाली होतं, आणि कॅमेरा बंद पडल्याने कोणाचं भलं झालं, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.