चुलत जावेचं औषध

स्वप्नालीच्या सासूला गुण आला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू?

स्वप्नाली माझी चुलत जाऊ. निर्मळला आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये फक्त केळीची वाडी. तिची सासू मनोरमाकाकी आणि माझ्या सासूबाई जिजाबाई, दोघी एकाच वर्षी विसरायला लागल्या. काकी गॅस चालू ठेवून देवळात जायची. आमच्या आई जेवून हात धुतला की परत जेवायला बसायच्या. दोघींच्याही कागदावर डॉक्टरांनी डिमेन्शिया लिहिलं. आम्ही जावा कुंपणाशी उभ्या राहून एकमेकींजवळ मन मोकळं करायचो.

आणि काकी बरी झाली की हो! पहिल्यासारखी मोगरा तोडायला लागली, सुनेच्या भाजीला नावं ठेवायला लागली. भावकीत जो तो म्हणे, "स्वप्नालीने सेवा केली, देवाने पाहिलं." म्हणजे मी काय झोपा काढत होते? अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाबा.

मग गोड बोलून मी स्वप्नालीकडून काकीच्या इंजेक्शनांची नावं काढून घेतली आणि गावातल्या कंपाउंडरकडून आईंना टोचून घेतली. आमच्याकडे हे चालतंच. एकीला लागू पडलं की सगळी आळी तेच घेते. आमचे हे, परेश, म्हणाले, "आधी डॉक्टरांना विचार." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा. रोग तोच, औषध तेच."

पण आईंचं "कोन गं तू?" काही थांबेना. शेवटी त्यांना घेऊन मी नालासोपाऱ्याला डॉक्टरांकडे भांडायलाच गेले.

"मनोरमाकाकीला बरं केलंत, मग आमच्या आईंनी तुमचं काय घोडं मारलंय?"

डॉक्टरांनी आधी इंजेक्शनांवरून मला चांगलं झापलं. मग म्हणाले, "डिमेन्शिया हे तापासारखं आहे, विनिताबाई. ताप मलेरियाने येतो, टायफॉईडनेही येतो. तसंच विसरण्याचंही. कुणाचं बी-ट्वेल्व्ह किंवा थायरॉईड कमी पडतं, ते वेळेवर भरून काढलं की माणूस पुष्कळ सुधारतं. तुमच्या सासूबाईंना अल्झायमर आहे. त्यात मेंदूच झिजत जातो. गोळ्यांनी थोडा आधार मिळेल, पण गेलेलं परत येणार नाही."

आमच्या कागदावर अल्झायमर हा शब्दही होता. मला वाटायचं, डिमेन्शियाचंच ते दुसरं नाव. माझ्या सेवेत खोट नव्हती, एवढं कळलं. पण जळणं काही कमी झालं नाही. स्वप्नालीला तिची सासू परत मिळाली होती आणि मला माझी कधीच मिळणार नव्हती.

त्याच संध्याकाळी स्वप्नाली चौकशीला आली. तिला पाहून आई ओटीवर उठून बसल्या.

"विनिता, आलीस गं? किती वाट बघायला लावायची?"

स्वप्नाली गडबडली. "काकी, मी स्वप्ना..."

आईंनी ऐकलंच नाही. तिचा हात धरून जवळ बसवलं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही बाई ठेवलीय ना, रागीट हाय. आंघोळ घालते, भरवते, पन तुझी सर नाय तिला. माझी विनिता म्हनजे सोनं."

लग्न होऊन आले तेव्हापासून या बाईने माझी एक आमटी चांगली म्हटली नव्हती.

मग उशीखालून त्यांनी केळीच्या वाळक्या पानाची पुडी काढली. आत सुकेळी होती, या हंगामात मीच उन्हात सुकवलेली केळी. एक उचलून त्यांनी स्वप्नालीच्या तोंडाशी धरलं. स्वप्नालीने रडवेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, खा म्हणून. तिने खाल्लं.

मला राहवलं नाही. हात पुढे केला. "आई, मला?"

आईंनी पुडी चटकन पदराखाली घेतली.

"तुला नाय. घरच्या मानसांसाठी हायेत."