भिंगापुढचा काळा पुठ्ठा

मित्रांनो, मी एक जुना काळा पुठ्ठा आहे. कॅमेरा, तिवई, भिंग अशी बडी मंडळी गप्प असताना हा पुठ्ठा कशाला तोंड उघडतोय, असे तुम्हाला वाटेल. वाटू द्या. त्या मंडळींना जे ठाऊक नाही, ते मला ठाऊक आहे.

मी मूळचा बुटांच्या खोक्याचे झाकण. माझे मालक फोटोग्राफर. त्यांनी मला दोन तळहातांएवढे कापले आणि काळा रंग फासला. रंग वाळल्यावर त्यांची बायको म्हणाली, "अहो, हा तर चकाकतोय. फोटोत याचाच उजेड यायचा." मग तिने दागिन्यांच्या जुन्या पेटीतली काळी मखमल काढून माझ्या अंगावर चिकटवली. बुटांच्या खोक्यातून थेट मखमलीत! काही दिवस मी भलताच ताठ्यात होतो.

माझे काम आतषबाजीच्या फोटोचे. हा फोटो घाईने निघत नाही. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवायचा. उजेड असतानाच दूरच्या दिव्याच्या खांबावर फोकस लावायचा आणि भिंगावर चिकटपट्टी मारायची, म्हणजे अंधारात तो हलत नाही. उजेड बेताचाच आत यावा म्हणून आयएसओ शंभर, अॅपर्चर अकरा. शटर 'बल्ब'वर, म्हणजे वायरच्या टोकाचे बटण दाबून धरले आहे तोवर कॅमेऱ्याचा डोळा उघडाच राहतो. आकाशात एक फूल फुलले की मी भिंगापुढे, दुसरे निघाले की मी बाजूला. अशी तीन-चार फुले एकाच फोटोत उतरतात. मधला धूर माझ्या पोटात. मालक तोंडाने आकडे मोजत, आणि कॅमेऱ्यात न बघता त्याच्या वरून आकाशाकडे बघत. बारा वर्षे मी ही चाकरी केली. लोक फोटोला वाहवा म्हणत, कॅमेरा कोणता म्हणून विचारत. मला कुणी काही विचारले नाही, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटे.

मैदानावर दरवर्षी वाती पेटवायला एक काका येत. त्यांना सगळे वातवाले काका म्हणत. मालकांची उभे राहायची जागा तेच ठरवून देत. "वारा पाठीशी घ्या, साहेब. नाहीतर नुसता धूर घेऊन घरी जाल," असे म्हणून ते हसत.

त्या वर्षी दुपारी काकांनी गोळे उडवायच्या नळ्यांच्या चौकटी एकेक हलवून पाहिल्या. "शेवटची डुगडुगतेय. वाळूच्या चार गोण्या टेकवायला हव्यात," ते आतषबाजीच्या ठेकेदाराला म्हणाले.

"इतकी वर्षं पडली का कधी? पाहुणे यायला लागलेत. आटपा लवकर," ठेकेदार म्हणाला आणि पुन्हा फोनवर बोलू लागला.

मालक तिथेच तिवई उघडत होते. त्यांनी हे ऐकले. मी त्यांच्या पिशवीत होतो, मीही ऐकले.

अंधार पडला. पहिली दोन फुले झकास फुलली. तिसऱ्यासाठी मालकांनी मला बाजूला घेतले होते, तेवढ्यात शेवटची चौकट कलली. नळी आडवी झाली आणि तिच्यातला गोळा वर न जाता जमिनीलगत सुटला. समोर काका होते.

एवढा झगझगीत उजेड भिंगात शिरला, तर आधी टिपलेली फुले पांढरी पडून वाया जातात. मालकांच्या हाताला हे इतके सवयीचे होते की त्याने मला तत्काळ भिंगापुढे आणले. एक, दोन, तीन... पलीकडे माणसे ओरडत धावत होती आणि मालक मोजत होते. नऊ आकडे झाले. तेव्हा आधीच पेटलेल्या वातीचा एक गोळा वर जाऊन फुलला. मालकांनी मला बाजूला घेतले. काका जागच्या जागी गेले होते.

तो फोटो मालकांच्या आयुष्यातला सर्वांत देखणा फोटो ठरला. तीन फुले, धुराचा ठिपका नाही. ठेकेदाराने तो मोठा करून आपल्या कार्यालयात लावला.

मग चौकशी झाली. काका तोंडात सिगारेट घेऊन नळ्यांजवळ गेले, असे ठेकेदाराने लिहून दिले होते. चौकशीच्या साहेबांनी मला टेबलावर ठेवून उलटसुलट पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझी दखल घेत होते. पण मला लाज वाटत होती.

"अपघात फोटोत नाही, कारण हा पुढे होता. ठीक आहे. पण तुम्ही स्वतः काय पाहिलंत?" साहेबांनी विचारले.

शेजारच्या खुर्चीत ठेकेदार बसला होता. मालकांना पुढच्या वर्षी फोटोचे काम देणे त्याच्याच हातात होते.

"माझं लक्ष घड्याळाकडे होतं," मालक म्हणाले. मित्रांनो, मालकांनी कधी घड्याळ लावलेच नाही. निकाल लागला, कामगाराचा निष्काळजीपणा.

महिन्याभराने काकांची बायको स्टुडिओत आली. "त्यांनी उभ्या जन्मात सिगारेटला हात लावला नाही," ती म्हणाली. "लोक माझ्या लेकीला म्हणतात, तुझ्या बापाने स्वतःच काडी लावून घेतली. फोटोत दिसेल का हो काही?"

मालकांनी मला उचलले. कॅमेरा तिवईवरच होता. "नाही हो वहिनी. मी हा असा धरला होता."

तिने मला त्यांच्या हातातून घेतले आणि तसेच भिंगापुढे धरून पाहिले. मग मान वर करून मालकांच्या तोंडाकडे बघितले.

"साहेब, तुमचे डोळे तर याच्या वर राहतात."

मालक कॅमेरा तिवईवरून उतरवू लागले. तिने मला हळूच टेबलावर ठेवले आणि ती निघून गेली. आतून मालकांची बायको आली. "अहो, तुम्ही पाहिलं होतंत ना?" तिने विचारले.

"फोटोत काहीच नाही गं," मालक म्हणाले.

मित्रांनो, माझे कोपरे पिचले आहेत, मखमल विरली आहे. मला जपा, असे मी म्हणणार नाही. हवे तर केरात टाका. फोटोतला नको तो उजेड झाकायला मला खुशाल वापरा, त्यासाठीच मी आहे. पण एखादी बाई दारात उभी राहून, तुम्ही काय पाहिलंत, असे विचारील, तेव्हा मला पुढे करू नका.