कैलासाचा वारा

१९३६ सालचा वैशाख. नाशिक भट्टीसारखं तापलेलं. बर्फाच्या कारखान्याला लागून असलेल्या जुन्या गोदामापुढे मात्र माणसांची रीघ लागली होती, कारण आत चक्क हिमालय उतरला होता.

आत हिमगिरी महाराज व्याघ्राजिनावर बसत. पाठीमागे कैलासाचं चित्र रंगवलेली लाकडी जाळी. महाराजांनी "शंभो!" म्हणून चिमटा आपटला, की जाळीतून गारेगार वारा सुटे आणि भक्तांच्या तोंडावर थेंब उडत.

"गंगोत्रीचं तीर्थ! ज्वर, दमा, कोर्टकचेरी, सगळं धुऊन जाईल!" महाराज गर्जत.

कैलासावरून निघालेला वारा वाटेत कुठेही न तापता नेमका बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशीच कसा पोचतो, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. मला वाटलं, पण मी पडलो शाळामास्तर.

मखमलाबादचे भाजीवाले खंडेराव तर ऐकायलाच तयार नव्हते. त्यांची बायको मालनबाई हिवतापानं फणफणली होती. डॉक्टरांनी दिलेलं क्विनीन महाराजांनी गोदावरीत टाकायला लावलं आणि तिला रोज जाळीसमोर बसवलं. ताप उतरला नाहीच, वर खोकला जडला.

"खंडेराव, अशानं ती दगावेल," मी म्हणालो.

"म्हाराज म्हन्ले, रोग भाईर पडतोय. लय जुनाट हाय."

दुसऱ्या दिवशी मी इब्राहिमला गोदामात घेऊन गेलो. तो देवळाली कॅम्पातल्या थंड कोठीत मिस्त्री होता. तोंडावर थेंब उडताच तो हसला.

"मास्तर, कसलं तीर्थ? पंखा निवडताना कुणीतरी गाढवपणा केलाय."

"म्हणजे?"

"जाळीमागं गार नळ्यांचं वेटोळं असणार. हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते, गार तांब्याला बाहेरून घाम फुटतो तशी. पंखा नळ्यांच्या बेताचा असला, तर ते पाणी खालच्या ताटात ठिबकतं. फार हळू असला, तर नळ्यांवर बर्फ धरतो. आणि असा दांडगा लावला, की पाणी उडून भक्तांच्या तोंडावर!"

महाराजांनी ते ऐकलं. "अविश्वासी शिरलाय! वारा कोपेल!"

दोघा भक्तांनी इब्राहिमची कॉलर धरली. तो मात्र शांतपणे म्हणाला, "धरून ठेवा मला. फक्त एकानं मागं जाऊन बघा. खंडेरावभाऊ, तुम्ही जा. तुमच्या घरवालीच्या जिवाचा सवाल आहे."

खंडेरावांनी बायकोकडे पाहिलं. ती इतकी कापत होती, की हातातल्या बांगड्या वाजत होत्या. ते उठले.

"मागं जाईल तो भस्म होईल!" महाराज ओरडले.

"व्हऊ द्या," म्हणत खंडेराव मागच्या दाराकडे गेले.

थोड्या वेळानं वारा थांबला. महाराजांनी चिमटा आपटला, शंभोला चार वेळा हाक मारली. कैलास ढिम्म.

"मास्तर, हितं खटका हाय!" आतून खंडेराव ओरडले. "खाली केला की वारा, वर केला की बंद!"

त्यांनी जाळीच उखडली. मागे भिंतीतल्या भोकातून आलेल्या ओल्या नळ्या, त्यांच्यामागे गाडीच्या चाकाएवढा विजेचा पंखा, आणि खटक्याशेजारी स्टुलावर बिडी ओढणारे महाराजांचे पट्टशिष्य.

"ही सगळी माया आहे!" महाराज पुटपुटले.

"नळ्यांत कारखान्याचं बर्फ गोठवायचं गार खारं पाणी आहे," इब्राहिम कॉलर सोडवून घेत म्हणाला.

मालनबाईला आम्ही टांग्यातून दवाखान्यात नेलं. आणखी दोन दिवसांनी हाती काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा क्विनीन सुरू झालं आणि महिन्याभरात ती हिंडूफिरू लागली. खंडेराव मात्र एकदा मला म्हणाले, "मास्तर, म्या तिला माज्या हातानं तिथं बसवली वो."

महाराज येवल्याच्या बाजूला गेले म्हणतात. तिथेही भक्त मिळतीलच. म्हणून हात जोडून सांगतो: चमत्कार दिसला, तर उठा आणि मागे काय आहे ते बघा. त्याला शिक्षण लागत नाही. खंडेरावांना सही येत नव्हती. आणि घरात आजारी माणूस असेल, तर आधी डॉक्टर गाठा. देवाला थांबायला वेळ असतो, तापाला नसतो.