आईने कापलेली टोकं

माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून टाकते. दुकानात येणाऱ्या बायका माझ्या हातासाठी येतात, तोंडासाठी नाही. वीस वर्षं कात्री चालवतेय. कुणाचंही डोकं बघितलं की मला आधी खोट दिसते. एक बाजू जड, भांग वाकडा, मागची रेघ उतरलेली. रस्त्यात पुढे चालणाऱ्या बाईची मान दिसली तरी माझी बोटं शिवशिवतात. हा धंद्याचा रोग आहे. आईलाही होता, तिच्याकडूनच मला लागला.

तर अशा माझ्या डोळ्यांदेखत माझी धाकटी बहीण चौदा महिने तसलं डोकं घेऊन फिरत होती. माझं काय होत असेल ते माझं मला ठाऊक.

धाकटीचे केस लहानपणापासून आखूड. कानाच्या पाळीपर्यंत, चहूकडून एका रेषेत, मान उघडी. ती औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरते. तिथे डोक्याला जाळी आणि जाळीवर टोपी लागते, त्यामुळे आखूड केस तिला सोयीचेच होते. दर सहा आठवड्यांनी आई तिचे केस कापायची. दुकानात नाही, घरी. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून, खाली जुने पेपर अंथरून. धाकटी डोळे मिटून बसायची. लहानपणी कात्रीला घाबरायची म्हणून मिटायची, नंतर सवय म्हणून. चाळिशीला आली तरी बाईंचे डोळे मिटलेलेच.

दुकानात का नाही, तर दुकानात मी आईच्या हातातली कात्री काढून घेतली होती.

ते झालं असं, की आईचे हात थरथरायला लागले होते. दृष्टीही अधू झाली होती, पण कबूल करेल तर ती आई कसली. एकदा एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली. थेंबभर रक्त आलं. ती बाई बिचारी काही बोलली नाही. मी बोलले. "आई, बस झालं आता. ऊठ," असं म्हणून मी तिच्या बोटांतून कात्री काढली, त्या बाईच्या देखत, आरशासमोर. आईने बोटं लगेच सोडली नाहीत. मला ओढावी लागली.

त्यानंतर तीन वर्षं आई दुकानातल्या बाकावर बसून टॉवेलांच्या घड्या घालायची. घड्याही वाकड्या व्हायच्या. त्या मी तिच्यासमोरच मोडून पुन्हा घालायचे. मला वाटायचं, काम नीट व्हायला पाहिजे, एवढंच.

तेव्हा आईला कापायला उरलं होतं एकच डोकं, धाकटीचं. शेवटचं कापलं तेव्हा डावी बाजू चांगली बोटभर वर गेली. आपला डावा कान नागडा आणि उजवा झाकलेला, अशी धाकटी दुसऱ्या दिवशी दुकानात आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. आई बाकावर होती. मी म्हटलं, "हे काय गं, उंदरांनी कुरतडलं का?" दोन गिऱ्हाइकं हसली. धाकटी हसली नाही. आईने एक टॉवेल उचलला आणि घडी घालायला घेतला.

आठ दिवसांनी आई गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास दिला नाही.

महिना-दीड महिना गेल्यावर मी धाकटीला म्हटलं, "चल बस खुर्चीत, सरळ करून देते."

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं, लोक हसतायत."

"हसू देत."

मला वाटलं, दुःख आहे, जाईल. दुःख कसलं जातंय. तिसऱ्या महिन्यात केस कानांवरून खाली उतरले आणि कॉलरला लागून वळायला लागले. उजवीकडचे बाहेर, डावीकडचे आत. पाचव्या महिन्यात तर धड आखूड नाहीत, धड लांब नाहीत, बांधायला जावं तर डावीकडचे निसटून गालावर येणार. टोकं दुभंगून कोरडी ठक्क पडली. माझ्या बहिणीचं डोकं म्हणजे माझ्या दुकानाची उलटी पाटी झाली होती. एकीने मला तोंडावर विचारलंसुद्धा, "बहिणीशी बोलणं बंद आहे का?"

कारखान्यातही कुरबुर सुरू झाली. तिची मुकादम म्हणजे खडूस बाई. जाळीतून एक बट बाहेर आली की लाइनीवरून उठवायची. गोळ्यांच्या पाकिटात केस सापडला तर अख्खा माल परत येतो, त्यामुळे तिचंही चुकत नव्हतं म्हणा. धाकटी दोन-दोन जाळ्या घालायला लागली. त्यात क्लिपा इतक्या घट्ट खुपसायची की कानामागे फोड आले. एका रविवारी ते फोड मला दिसले आणि माझं डोकंच फिरलं.

"कुणाला दाखवायला चाललंय हे सगळं?" मी म्हटलं. "आई येऊन बघणारे का? सहा आठवड्यांनी नुसती टोकं मारली असतीस तरी केस नीट वाढले असते. मुद्दाम डोक्याचं शेण करून ठेवलंय."

ती भांडी विसळत होती. नळ बंद केला, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, टोकं तिची आहेत. बाकीचे सगळे नंतर उगवलेत."

मला आधी कळेचना. मग कळलं. केस मुळाशी वाढतात, टोकाशी नाही, हे मला कुणी शिकवायला नको. आईने जिथे कात्री लावली ती जागा केसांबरोबर खाली खाली चालली होती, आणि धाकटी ती सांभाळत होती. मी टोकं मारली असती तर ती केव्हाच केरात गेली असती. एवढी साधी गोष्ट वीस वर्षं कात्री धरणारीच्या डोक्यात शिरली नव्हती. मी खुर्चीत बसले. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी म्हटलं, "आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे."

तेव्हा आमचं ठरलं. वेणी घालता येईल इतके वाढू द्यायचे. मग मी वरून, मानेपाशी वेणी कापायची आणि ती तिला द्यायची. टोकं जशीच्या तशी, वाकडी. एकदा ती वेणी कपाटात गेली की उरलेल्या डोक्याचं मी काय वाटेल ते करावं.

"पण टोकांना कात्री लावायची नाही," ती म्हणाली. "शपथ घे."

"शपथ कसली घ्यायची त्यात. एवढं कळतं मला."

त्यानंतर मात्र मी तिच्या बाजूने झाले. हो, खरंच झाले. तिला तेलाची बाटली दिली, मऊ फडक्याच्या पट्ट्या शिवून दिल्या, क्लिपा फेकून दिल्या. दर महिन्याला बोटाने मोजायचो, खांद्याला किती कमी राहिलेत ते. आई गेल्यापासून आम्ही दोघी इतक्या कधी बोललो नव्हतो.

चौदाव्या महिन्यात मुकादमीणबाईंनी लेखी दिलं. सोमवारपासून केस असे दिसले तर पाकिटांवरून काढून गोदामात टाकू. गोदामात पोती उचलावी लागतात आणि धाकटीची पाठ आधीच गेलेली. केस तोवर खांद्याखाली आले होते. वेणी जेमतेम वीतभर झाली असती, पण झाली असती.

"शनिवारी ये," मी म्हटलं. "दुपारी दुकान रिकामं असतं."

त्या शनिवारी दुकान रिकामं नव्हतं. एक बाई आयत्या वेळी टपकली, कमरेपर्यंतचे काळेभोर केस खांद्यावर आणून द्या म्हणाली. तिचं आवरेपर्यंत धाकटी दारात. तिचे केस तसेच काळे, आईच्या वळणाचे. मी सकाळपासून जेवले नव्हते, पाय ओढत होते. म्हटलं, केर नंतर काढू. तिला खुर्चीत बसवलं, खांद्यावर कापड टाकलं, पाण्याने केस ओले केले. तिने डोळे मिटले.

मी विंचरत होते. गुंता निघत होता, कंगवा सरळ जायला लागला होता. मागे टोकांची ती तिरकी रेघ दिसत होती, डावीकडे बोटभर वर. चौदा महिन्यांनीही तशीच. मला ती त्या दिवशी खरोखर छान वाटली.

"ताई," धाकटी म्हणाली, डोळे मिटूनच. "एक सांगू? चिडू नको."

"सांग की."

"शेवटचे कापले ना, तेव्हा आईने विचारलं, सरळ झालेत का गं. मी म्हटलं, एकदम सरळ. तर म्हणाली, उद्या दुकानात जा आणि ताईला दाखव. सांग, मी कापलेत."

माझा कंगवा थांबला.

"म्हणून मी आले होते," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तू काहीतरी बरं बोलशील. आई बाकावर बसून वाटच बघत होती."

आता कुणी शहाणी असती तर गप्प बसली असती. मी बोलत सुटले. म्हटलं, मला काय स्वप्न पडलं होतं का. म्हटलं, तुम्ही दोघींनी मिळून मला कधीच काही सांगितलं नाही, मी मेली आपली दुकान ओढतेय. म्हटलं, कान कापला गेला असता त्या बाईचा, मग कुणी निस्तरलं असतं? तिची कात्री काढून घेतली तेव्हा मला काय आनंद झाला होता का? माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. आणि तोंड सुटलं की माझे हात आपलं काम करत राहतात. तसे ते नेहमीच करतात, त्यांच्याच जोरावर मी आजवर जगले.

वेणी घालायच्या आधी टोकं सारखी करायची, हे आईनेच शिकवलंय. दुभंगलेली टोकं तशीच ठेवली तर वेणीचं शेपूट झाडूसारखं दिसतं. आठ वर्षांची होते तेव्हापासून माझ्या डोक्यात बसवलंय तिने, आधी टोकं, मग बाकीचं. दोन बोटांत बट धरायची, खाली सरकवायची, बोटांच्या बाहेर उरेल ते उडवायचं. डावीकडची सगळ्यात आखूड, म्हणून ती धरून बाकीच्या तिच्या मापाला आणायच्या, आणि दुभंगलेलं जाईल म्हणून वर आणखी बोटभर.

"ताई," धाकटी मध्येच म्हणाली. "वेणी घातलीस का?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"मग कात्री कशाची वाजली?"

मी खाली बघितलं. पाठीवरच्या कापडावर काही नव्हतं, ओले केस घसरून खाली गेले होते. आरशात तिचे डोळे उघडले होते. मागची रेघ एकदम सरळ होती. मी आयुष्यात मारलेली सगळ्यात सरळ रेघ असेल ती.

मी गुडघ्यांवर बसले. फरशीवर खुर्चीभोवती त्या बाईचे केस, हातभर, बोटभर, सगळ्या मापाचे, आणि त्यात धाकटीचे. तेही काळे, हेही काळे. ओले असतील ते तिचे, असं म्हणून मी वेचायला लागले, पण त्या बाईचेही मी ओले करूनच कापले होते. चिमटीत एक धरायचे, उजेडाला न्यायचे, दुसरा धरायचे. टोक दुभंगलेलं असेल ते आईचं, असंही केलं. पण दुभंगलेली टोकं त्या बाईचीही होती. म्हणून तर आली होती.

"थांब, सापडतील," मी म्हणत होते. "मी वेगळे काढते. तू बस."

धाकटी खुर्चीवरून उठली. कापड काढून तिने त्याची नीट घडी केली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते.

"आईने केर काढल्याशिवाय कुणाला खुर्चीत बसवलं नसतं," ती म्हणाली.

एवढंच. ओल्या केसांनीच ती बाहेर पडली. मी तशीच बसून राहिले. कुणीतरी दार ढकललं, मी आज बंद आहे म्हणून सांगितलं.

ते सगळे केस मी सुपलीत भरून एका कागदी पिशवीत ठेवलेत, दोघींचे मिळून. आईची कात्री ज्या खणात आहे, त्याच खणात. टाकवत नाहीत. कपाटात जपून ठेवावे, तर कुणाचे म्हणून ठेवायचे, ते कळत नाही.

धाकटी फोन उचलते. बरी आहेस का म्हटलं तर बरी आहे म्हणते. रविवारी ये म्हटलं तर बघते म्हणते. आधी आम्ही दोघी महिने मोजत होतो तसं आता मी एकटीच मोजते, पण आठवडे.

परवा बस थांब्यावर रांगेत पुढे एक मान दिसली. उघडी, कानाच्या पाळीपर्यंतचे केस, चहूकडून सारखे. माझी नजर सवयीने खोट शोधायला गेली. ती वळली तेव्हा कळलं की धाकटी आहे. तिने मला पाहिलं, मान हलवली आणि बस आली तशी चढली. दुसऱ्या कुणाकडून तरी कापून घेतले होते. मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं, डावीकडून, उजवीकडून, मागून. चांगले कापले होते. मला कुठेच खोट सापडली नाही.